घराची डागडुजी आणि बदलता बाजार

भिंतीवरची ओल तीच असते. तिची किंमत मात्र बाजाराबरोबर बदलते. माझ्या मामांना निवृत्तीनंतर पुण्यातील जुना फ्लॅट विकावयाचा आहे. त्यांची सारी पुंजी त्यातच असल्याने हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही.

१ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्र शासनाने घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेर तीन टक्क्यांनी व पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी घटविले. रिझर्व्ह बँकेचा रेपो दरही तेव्हा ४ टक्के होता. गिऱ्हाइकाला अशी घाई असली की गळक्या नळाकडे कानाडोळा होतो. मे २०२२ पासून तोच दर चढत जाऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्के झाला. हप्ता वाढला की दुरुस्तीसाठी हाती रोकड उरत नाही. मग गिऱ्हाईक चार घरे पाहते आणि दुरुस्तीच्या खर्चाबरोबर त्रासाची व अनिश्चिततेची किंमतही वजा करूनच भाव सांगते.

म्हणून मंदीत गळती थांबवावी, धोक्याचे वायरिंग बदलावे. नव्या फरश्यांचा खर्च मात्र टाळावा, कारण आवड ज्याची त्याची. ओलीवर नुसता रंग फासणे तर सर्वांत वाईट. साध्या पाहणीत न दिसणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ सांगते. घेणाऱ्याचीही आयुष्यभराची पुंजी पणाला लागलेली असते, हे विसरून कसे चालेल?