सोडलेल्या जागेचे मोल
(लेखमाला : उष्ण प्रदेशातली घरे / लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण मध्य व्हिएतनाममधल्या ह्यूची बागेतली घरे पाहिली. तिथे अंगण ऐसपैस, त्यामुळे वाऱ्याला वाट देण्याचे आणि ऊन अडवण्याचे काम झाडांवर सोपवता येत होते. पण घर जेमतेम चार-पाच मीटर रुंद असेल आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असतील, तर वारा यायचा कुठून?

हनोईच्या जुन्या पेठेने याचे उत्तर शोधले होते. रस्त्याला लागून दुकान प्रत्येक व्यापाऱ्याला हवे. साहजिकच घराची दर्शनी बाजू अरुंद राहिली आणि घर मागे लांबत गेले. अशा घरांना तिथे ‘न्या ओंग’, म्हणजे नळीघर म्हणतात. मा मे रस्त्यावरचे ८७ क्रमांकाचे घर हा त्याचा जपलेला नमुना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बांधलेल्या या घराची १९९९ मध्ये दुरुस्ती झाली आणि आता ते कोणालाही आत जाऊन पाहता येते. रुंदी सुमारे ५ मीटर, लांबी सुमारे २८. पुढे दुकान, मग उघडा चौक, त्यामागे खोल्या, पुन्हा चौक आणि अगदी मागे स्वयंपाकघर.

या घराचा सगळा जीव त्या दोन चौकांत आहे. चौकातली हवा उन्हाने तापली की हलकी होऊन वर निघून जाते आणि तिच्या जागी सावलीतल्या खोल्यांमधली गार हवा ओढली जाते. खोली आणि चौक यांच्यामध्ये लाकडी जाळीची दारे असल्यामुळे तिची वाट अडत नाही. मधल्या खोल्यांना उजेड मिळतो तोही चौकातूनच. पंखा नव्हता तेव्हाही अशा घरात हवा खेळती राहत असे.

१९८६ मध्ये ‘दोई मोई’ या आर्थिक सुधारणा सुरू झाल्या आणि पुढे शहरे झपाट्याने वाढली. जमिनीचे तुकडे तसेच अरुंद राहिले, मजले मात्र चढत गेले. ठिकठिकाणी चौकांवर स्लॅब पडले, कारण जागेचा भाव वाढल्यावर उघडी जागा लोकांना वाया गेलेली वाटू लागली. नळी तशीच राहिली, तिचा श्वास मात्र बंद झाला. दिवसा दिवे लावायचे आणि रात्री एसी, हे मग ओघानेच आले.

व्हो त्राँग न्गिया, दाइसुके सानुकी आणि शुन्री निशिझावा या वास्तुकारांनी हो ची मिन्ह सिटीत २०११ मध्ये बांधलेले ‘स्टॅकिंग ग्रीन’ हे घर इथे महत्त्वाचे ठरते. जमीन ४ मीटर रुंद आणि २० मीटर खोल, म्हणजे अस्सल नळीघराचीच. पुढच्या आणि मागच्या बाजूला त्यांनी भरीव भिंत घातलीच नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींना आधार देऊन काँक्रीटच्या लांबलचक कुंड्या एकीवर एक बसवल्या आणि झाडांच्या उंचीप्रमाणे त्यांच्यातले अंतर कमी-जास्त ठेवले. कुंड्यांच्या आत नळ्या आहेत, त्यांतून झाडांना आपोआप पाणी मिळते. ऊन पानांवर अडते, वारा फटींतून आत येतो आणि छतातल्या झरोक्यांतून वर निघून जातो. जुन्या चौकाचे काम इथे झरोका करतो आणि लाकडी जाळीचे काम झाडे करतात.

दा नांगमधले ‘टर्मिटरी हाउस’ (२०१४) ‘ट्रॉपिकल स्पेस’ या संस्थेने वारुळावरून सुचलेल्या कल्पनेतून उभे केले. त्यात तेच तत्त्व विटांतून साधले आहे. विटा रचताना मध्ये छिद्रे सोडली आहेत. त्यामुळे भिंत आडोसा देते, तरी उजेड आणि वारा अडवत नाही.

या घरांवर ना उतरती कौले आहेत, ना कोरीव खांब. परंपरेचा देखावा न उचलता तिचे काम उचलले, हेच त्यांचे खरे यश मला वाटते. अडचणीही आहेत. जाळीतून धूळ आणि डास येतात, कुंड्यांची सतत निगा राखावी लागते आणि इतके काँक्रीट वापरणे पर्यावरणाला स्वस्त पडत नाही. तरीही मूळ विचार पक्का आहे: दाटीच्या शहरात सोडलेली जागा ही घराची सर्वात कामाची जागा असते.

हनोई आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. चटईक्षेत्राचा इंच न् इंच भरून मग एसीचे बिल भरणाऱ्या आपल्या शहरांनीही हा हिशोब पुन्हा मांडायला हवा. नवे घर घेताना किंवा बांधताना ‘किती चौरस फूट?’ याच्या जोडीला ‘वारा कुठून येतो आणि कुठून जातो?’ हेही विचारा. नकाशा कागदावर असतानाच विचारा, कारण स्लॅब पडल्यावर उत्तर बदलता येत नाही.

(पुढील लेखांकात : मेकाँगच्या पुराबरोबर जगणारी घरे)