गोवंशातील क्षयरोग आणि पशुवैद्यकाची भूमिका

दुग्धव्यवसायासाठी कर्ज घेऊन गाय किंवा म्हैस खरेदी करताना पशुपालक साधारणतः दूध, वेत आणि किंमत पाहतो. क्षयरोग मात्र या पाहणीत दिसत नाही. ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ या जिवाणूमुळे होणारा हा रोग जनावराच्या शरीरात दीर्घकाळ सुप्त राहू शकतो. खोकला, रोडावणे, दूध घटणे ही लक्षणे प्रकट होईपर्यंत श्वासावाटे तो शेजारच्या जनावरांपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

हा छुपा रोग उघड करण्याचे साधन पशुवैद्यकाच्या हाती आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये जाहीर केलेले ट्यूबरक्युलिन औषध म्हणून निष्फळ ठरले; रोगनिदानासाठी मात्र ते मोलाचे ठरले. पशुवैद्यक जनावराच्या मानेवरील त्वचेची जाडी मोजून तेथे ट्यूबरक्युलिन टोचतो आणि ७२ तासांनी जाडी पुन्हा मोजतो. ती ४ मिलिमीटर वा त्याहून अधिक वाढल्यास जनावर बाधित मानले जाते. अन्य जिवाणूंमुळेही सूज येऊ शकत असल्याने अंतिम निष्कर्ष तज्ज्ञानेच काढणे इष्ट होय.

अनेक पाश्चात्त्य देशांत बाधित जनावराची कत्तल केली जाते. भारतातील बहुतेक राज्यांत गोहत्येस बंदी असल्याने हा मार्ग सहसा खुला नसतो. औषधोपचारही दीर्घ, खर्चिक व बेभरवशाचा असतो. त्यामुळे विलगीकरणास विशेष महत्त्व येते. बाधित जनावराचा गोठा, गव्हाण व पाणी वेगळे ठेवणे, वासरास त्याचे कच्चे दूध न पाजणे आणि उर्वरित जनावरांची ठरावीक काळाने फेरतपासणी करणे, हे सर्व पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व्हावे.

प्रश्न केवळ गोठ्यापुरता नाही. कच्च्या दुधातून हा रोग माणसास होऊ शकतो आणि क्षयरोगावरील पायराझिनामाइड या प्रमुख औषधास हा जिवाणू मुळातच दाद देत नाही. दूध उकळणे वा पाश्चरीकरण करणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

कर्ज व विमा यांसाठी आरोग्य दाखला घेतला जातो. तथापि त्यात क्षयरोगाची चाचणी अंतर्भूत असतेच असे नाही. म्हणून व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी पशुपालकाने ती स्वतंत्रपणे करून घ्यावी. दूध आटले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही; त्यापेक्षा खरेदीपूर्वी ३ दिवस थांबणे केव्हाही हिताचे.