आधी पाणी, मग बाप्तिस्मा

१० फेब्रुवारी १८९५ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची पाच वर्षे आपण टिळकांच्या धर्मांतराच्या हकिकतीत धरतो. मला ती त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची वाटतात. टिळकांचे ठरून गेले होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने हातात ठेवलेला नवा करार, त्यातले डोंगरावरचे प्रवचन, मग मनाची घालमेल, हे सगळे त्यांचे त्यांनी निस्तरले. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली ती बातमी, आणि पदरात लहानगा दत्तू.

त्यांचे माहेर गोखल्यांचे, नाशिकजवळच्या जलालपूरचे. आईच्या वडिलांना सत्तावनच्या बंडापायी फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांचे सोवळे विकोपाला गेले. घरात यायचे ते धुऊन, अगदी धान्यसुद्धा. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली आणि अक्षरेही नवऱ्याच्याच हाताखाली गिरवली. आता तोच नवरा बाटला होता. नातेवाईक म्हणत, विसर त्याला. नवऱ्याची पत्रे म्हणत, ये. मुलावर कायद्याने आणि रूढीने हक्क बापाचा, त्यामुळे दत्तूला कधी नेतील ही धास्ती वेगळीच.

अशा वेळी आपल्याकडे देवाला कौल लावतात. प्रसाद उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. लक्ष्मीबाईंचा कौल काही पडेना. नाशिक, पंढरपूर, या बहिणीकडे, त्या नातलगाकडे असे दिवस जात राहिले. त्या रडल्या, आजारी पडल्या, आणि याच विरहात त्यांना कविता होऊ लागल्या. कवी नवऱ्याच्या सहवासाचा गुण म्हणून ते सोडून देता येईल, पण मला तसे पटत नाही. नवरा जवळ असताना बोलायला तोच होता. तो गेल्यावर स्वतःचे म्हणणे स्वतःला ऐकू यायला दुसरी सोय उरली नव्हती.

शेवटी त्या नगरला टिळकांकडे गेल्या, त्याही स्वतःच्या अटीवर. संसार टिळकांचा, पण धर्म आपला. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनीही ते चालू दिले. बायकोला सक्तीने आपल्या देवाकडे ओढायचे नाही, एवढे त्यांच्या तापट स्वभावालाही जमले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. एका छपराखाली दोन धर्म आणि मधे एक मूल, ही व्यवस्था त्या काळी दोन्ही समाजांना विचित्र वाटली असणार.

मग जे घडले ते राहुरीच्या मुक्कामात. जात कुणी केली, देवाने की माणसाने, असा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच घातला. जनावरांत गाय वेगळी, घोडा वेगळा, हे डोळ्यांना दिसते. माणसांत ब्राह्मण आणि महार असे काही वेगळे घडवलेले दिसत नाही. मग हा भेद देवाचा कसा? समोर पाद्री नव्हता की पुस्तक नव्हते. विचार इथवर आला आणि त्यांनी ठरवले, यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे प्यायचे. ज्या घरी धान्य धुऊन घेत त्या घरच्या लेकीने हे ठरवावे! आणि गंमत अशी, की तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. सोवळे आधी सुटले, येशू मागून आला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही राहुरीतच.

त्यांच्या धर्मांतराला अनेकजण पतिभक्तीचे लेबल लावतात. पतिभक्तीच असती तर पाच वर्षे कशाला लागली असती?

दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरात आली आणि हिशेब न पाहता राहिली. टिळक आणत, पोटाला घालायचे लक्ष्मीबाईंनी; त्यावरून झालेले खटके त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मकथेत लपवलेले नाहीत. बालकवी ठोंबरेही या घरात मुलासारखे वावरले. ते रुसत, निघून जात, परत येत. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यापायी त्यांचे ताट कुणी वेगळे मांडले नाही. १९१८मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली ते गेले. पुढच्याच वर्षी टिळक गेले.

नंतरची सतरा वर्षे लक्ष्मीबाई एकटीच्या हिमतीवर जगल्या. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम केले, मुलाबरोबर कराचीला जाऊन राहिल्या. वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून दत्तूने, म्हणजे देवदत्तांनी, आईला आठवणी मागितल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभे राहिले. पहिला भाग १९३४चा. मागितले होते वडिलांचे चरित्र, आले आईचे.

‘ख्रिस्तायन’चे मात्र दुर्दैव. टिळकांचे हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले होते. लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’वर परीक्षेत प्रश्न येतात, ‘ख्रिस्तायन’ आज ख्रिस्ती वाचकांबाहेर फारसे कुणी उघडत नाही. नवऱ्याचे अर्धे राहिलेले काम बायकोने संपवले, एवढ्यावर त्याची बोळवण होते. टिळकांचे अध्याय किती आणि बाईंचे किती, हे मोजले तरी मुखपृष्ठावर कुणाचे नाव मोठे हवे होते ते कळेल.