वारीची वाट आणि स्त्रियांचीं पायताणें

आषाढाच्या शुद्ध पक्षांत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण व बरड येथील मुक्काम आटोपून धर्मपुरीपाशीं सोलापूर जिल्ह्यांत प्रवेश करते आणि त्या दिवशीं नातेपुते येथें विसावते. पुढें माळशिरस, वेळापूर, भंडीशेगांव, वाखरी असे मुक्काम करीत हा सोहळा पंढरपुरास पोहोंचतो. आळंदीहून निघालेल्या वारकरी स्त्रीच्या पायांखालून नातेपुत्यास येईपर्यंत निम्म्याहून बरीच अधिक वाट गेलेली असते. तिचा भक्तिभाव अभंग असतो. परंतु टाचेस भेगा, चवड्यावर फोड, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, असे प्रकार याच सुमारास डोकें वर काढतात. कित्येकींस येथून पुढची वाट मोटारींत बसून संपवावी लागते. हा दोष दर वेळीं वयाचा किंवा अशक्तपणाचा नसतो. पुष्कळदां तो पायांतील वहाणेचा असतो, आणि ती वहाण घरून निघतांना कोणी पारखून घेतलेली नसते.

वारीची पालखी सध्यांच्या स्वरूपांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकर यांनीं सुरू केली. त्या काळीं सुशिक्षित म्हणविणाऱ्या घराण्यांतील स्त्रीनें पायांत जोडा घालणें हा थट्टेचा विषय होता. पुढें काळ पालटला. इरावतीबाई कर्वे यांनीं पालखीबरोबर स्वतः चालून त्या अनुभवावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. हल्लीं तर पुण्या-मुंबईच्या घरांतून सासू, सून व नात अशा तीन पिढ्या मिळून दोन-चार मजला पायीं चालून येतात. थट्टा गेली, परंतु स्त्रीच्या पायताणाविषयींची बेफिकिरी मात्र गेली नाहीं. धाकट्या जावेनें टाकलेले, मुलास आंखूड झालेले किंवा लग्नकार्यांत मिरविलेले जोडे घालून आपण गृहिणीस दोनशें-अडीचशें किलोमीटरांच्या वाटेवर धाडतों. हें योग्य आहे काय, याचा विचार व्हावा.

या बाबतींत परदेशांतील एक उदाहरण बोधप्रद आहे. हिमप्रदेशांत बर्फावरून घसरत जाण्यासाठीं पायांस ज्या लांब फळ्या बांधतात, त्यांस स्की म्हणतात. आपल्या देशांतही गुलमर्ग, औली व मनाली या ठिकाणीं हा खेळ चालतो. मनालीच्या आंचल ठाकूर या तरुणीनें 2018 मध्यें तुर्कस्तानांतील स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून या खेळांतील भारताचें पहिलें आंतरराष्ट्रीय पदक आणलें. स्कीची निवड करतांना जाणते लोक प्रथम किंमत किंवा रंग पाहत नाहींत, जमीन पाहतात. गोठून कांचेसारख्या कठीण झालेल्या बर्फावर मध्यभागीं अरुंद, म्हणजे सुमारें 70 ते 80 मिलिमीटर रुंदीची व धारदार पोलादी कडा असलेली फळी लागते. तरच ती कड बर्फांत रुतून पकड घेते. ताज्या भुसभुशीत बर्फांत तीच फळी बुडते. तेथें 95 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद फळी हवी. एकाच दिवशीं दोन्ही प्रकार भेटणार असतील, तर 80 ते 90 मिलिमीटरांची मधली फळी घेतात. ती दोहींकडे चालते, पण कोठेंही सर्वोत्तम ठरत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, पूर्वीं पुरुषांचीच फळी थोडी आंखूड करून व तिचा रंग बदलून ती स्त्रियांची म्हणून विकीत. आतां स्त्रियांसाठीं वजनानें हलक्या व सहज वांकणाऱ्या फळ्या मुद्दाम घडविल्या जातात.

जमीन ओळखा आणि स्वतःचा देह ओळखा, हीं दोनच तत्त्वें यांतून निघतात. तीं आपल्या वाटेस तंतोतंत लागू पडतात.

प्रथम जमिनीचा विचार करूं. नातेपुत्याचा मुलूख पर्जन्यछायेंतला. सकाळीं कडक ऊन आणि दुपारीं एकदम सर, हा प्रकार येथें नित्याचा. चालण्याची वाट डांबराची किंवा सिमेंटची, तर मुक्कामाचे तंबू बहुधा शेतांत, काळ्या मातीवर. पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला 8 नोव्हेंबर 2021 रोजीं बसविण्यांत आली. पायीं चालणाऱ्यांसाठीं सडकेच्या कडेनें स्वतंत्र वाट हा त्या योजनेचा भाग आहे. रस्ता सुधारला म्हणजे चालणें सोपें होतें हें खरें. परंतु कठीण सडक पायास माती देते तशी उसंत देत नाहीं, आणि पहिल्या सरीनें तिच्यावरील तेल व धूळ यांचा राड होऊन ती अत्यंत निसरडी होते. याच्या उलट काळी माती. ओली झाली कीं ती फुगते, चिकटते आणि दर पावलागणिक तळव्याखालीं तिचा थर वाढत जातो. नातेपुत्याहून निघाल्यावर सदाशिवनगरानजीक गोल रिंगण होतें. तेथेंही पाय मोकळ्या रानांतच पडतात. तिसरी जमीन याच परिसरांतील शिखर शिंगणापूरची. चैत्रांत कावडी मुंगी घाटानें वर चढतात. तेथें सुटे दगड व उभा चढ यांच्याशीं गांठ असते.

ओल्या गुळगुळीत सडकेवर मऊ रबराचा तळ आणि त्यांत बारीक, जवळजवळ कोरलेल्या खांचा हव्यात. पाणी त्या खांचांतून निघून जातें व रबर सडकेस भिडतें. चिखलांत अशा खांचा क्षणांत बुजतात. तेथें खोल व विरळ खांचा लागतात, म्हणजे माती अडकून न राहतां झडून पडते. सुट्या दगडांवर तळ जाड व टणक असावा, नाहीं तर प्रत्येक खडा तळव्यास जाणवतो. तिन्ही गुण एका जोड्यांत पूर्णत्वानें मिळत नाहींत. तेव्हां ज्या जमिनीवर अधिक काळ चालावयाचें तिच्यासाठीं मुख्य जोडा घ्यावा. वारीच्या वाटेवर ती जमीन सडकच होय. म्हणून मध्यम खोलीच्या खांचांचा मऊ रबरी तळ निवडावा, आणि मुक्कामाच्या चिखलासाठीं धुवून लगेच वाळणारी हलकी रबरी सँडल पिशवींत ठेवावी. मुंगी घाट चढणारीनें मात्र घोटा सांवरणारा बंद बूट घालावा.

आतां आपल्या घरांत जीं पायताणें असतात त्यांची परीक्षा करूं. कोल्हापुरी चप्पल हें आपलें भूषण. 2019 मध्यें तिला भौगोलिक मानांकन मिळालें, आणि त्यांत कोल्हापूर, सांगली व सातारा यांबरोबर आपला सोलापूर जिल्हाही आहे. झाडपाल्याच्या द्रव्यांनीं कमावलेलें हें कातडें कोरड्या उन्हांत पायास उत्तम; परंतु भिजलें कीं तें फुगतें, जड होतें, आणि त्याचा गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर घसरतो. ती वैशाखांत घालावी, आषाढांत कपाटांत ठेवावी. साधी रबरी स्लीपर स्वस्त व सुटसुटीत खरी. पण ती पायांत राहावी म्हणून बोटें सारखीं आंवळून धरावीं लागतात. त्यामुळें पोटऱ्या भरून येतात, आणि चिखलांत पाय उचलतांच तिचा पट्टा निसटतो. फेसासारख्या हलक्या द्रव्याचा तळ पाणी पीत नाहीं, पण ओल्यांत घसरतो व थोड्याच दिवसांत दबून जातो. कापडी बूट सडकेवर सुखाचा, मात्र भिजल्यावर रात्रभरांत वाळत नाहीं. टाचेमागून पट्टा असलेली, रबरी तळाची व बोटें झांकणारी सँडल सर्वसाधारण वारकरी स्त्रीस सर्वांत सोयीची. तींत आलेलें पाणी बाहेर जातें आणि पाय जागचा हलत नाहीं.

येथें पायाच्या घडणीकडे वळावयास हवें. जोडा ज्या सांच्यावर चढवितात त्यास कारागीर कालबूत म्हणतात. पुरुषाच्या पायाचेंच कालबूत लहान केलें म्हणजे स्त्रीचें होत नाहीं. लांबी सारखी असली तरी दोन्ही पायांचा आकार भिन्न असतो, हें 2001 मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत मोजमापांनिशीं दाखविलें गेलें. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आपण वापरतों तीं मापें इंग्रजांच्या पायांवरून आलेलीं आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें 2021-22 मध्यें देशांतील 79 ठिकाणीं एक लक्षाहून अधिक लोकांचे पाय मोजले. तेव्हां भारतीय पाऊल तुलनेनें रुंद असल्याचें दिसून आलें, आणि त्यावरून संस्थेनें ‘भा’ या नांवाची स्वतंत्र मापपद्धति सुचविली. रुंद पावलास अरुंद जोडा बसेना म्हणून आपण एक अंक मोठा घेतों. मग टाच सैल राहते, ती घासते आणि फोड येतो. करंगळीपाशीं दाटतें व टाचेपाशीं हलतें, अशी तक्रार असेल, तर अंक न वाढवितां रुंद घडणीचा जोडा मागावा.

जोड्याचें वजनही उपेक्षणीय नव्हे. वीस किलोमीटरांच्या मजलेंत स्त्रीचीं सुमारें तीस हजार पावलें पडतात. प्रत्येक जोडा केवळ शंभर ग्रॅम अधिक जड असला, तरी दिवसाकांठीं तीन हजार किलो वजन अधिक उचललें असा हिशेब होतो. सायंकाळीं गुडघे कां बोलतात, याचें एक उत्तर या त्रैराशिकांत आहे.

खरेदी नेहमीं सायंकाळीं करावी. दिवसभरांत पाय किंचित् सुजतात, आणि वाटेवर तर अधिकच सुजतात. उभें राहून दोन्ही पायांत जोडा घालून पाहावा, कारण दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. माप मोठ्या पायाचें धरावें. सर्वांत लांब बोटाच्या पुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. उतारावर पाय पुढें सरकतो तेव्हां ही जागा नखें वांचविते. तळ हातानें वांकवून पाहावा. बोटें जेथें दुमडतात तेथें तो वांकला पाहिजे. मधोमध मोडणारा तळ निरुपयोगी. दुकानाच्या फरशीवर थोडें पाणी शिंपडून पाऊल ठेवून पाहण्यांत संकोच कशाचा? भांडें घेतांना आपण तें वाजवून घेतोंच कीं! टाच उंच असलेला कोणताही जोडा या वाटेस वर्ज्य समजावा.

नवा जोडा वाटेवर प्रथमच घालणें ही सर्वांत घातक चूक होय. निघण्यापूर्वीं निदान महिनाभर तो घालून रोज चालावें आणि अंतर हळूहळू वाढवावें. बंद बुटांत सुती पायमोजे ओल धरतात; लोकरीचे किंवा लवकर वाळणारे मोजे बरे. भिजलेला बूट चुलीपाशीं ठेवूं नये, त्यानें डिंक सुटतो व कातडें ताठतें; आंत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत. मुक्कामीं पाय धुवून बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. फोड आल्यास वरची त्वचा सोलून काढूं नये. ती झांकून ठेवावी. वाटेंत ठिकठिकाणीं चर्मकार बंधु सेवा म्हणून वारकऱ्यांचीं पायताणें शिवून देतात. पट्टा उसवूं लागतांच तो दाखवावा, तुटेपर्यंत थांबूं नये.

मधुमेह असलेल्या वडील स्त्रियांविषयीं विशेष सांगणें आहे. या विकारांत पायांची संवेदना मंद होते. खडा टोंचतो, फोड फुटतो, पण कळत नाहीं. आणि तीच लहानशी जखम पुढें चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. अशा स्त्रीनें निघण्यापूर्वीं वैद्यकीय सल्ला घ्यावा, तंबूंतही अनवाणी फिरूं नये, आणि रोज रात्रीं तळवे सुनेकडून किंवा आरशांत पाहून तपासावेत. कांहीं भाविक व्रत म्हणून अनवाणी चालतात. त्यांच्या निष्ठेस वंदन असो. परंतु ज्या पायांस कांटा कळत नाहीं, त्यांनीं तें व्रत घेऊं नये.

एकत्र कुटुंबांत एकाच मापाचे दोन-तीन पाय सहज निघतात, आणि म्हणून एकच जोडा आळीपाळीनें वापरण्याचा मोह होतो. तोही टाळावा. वापरलेला तळ पहिलीच्या चालीप्रमाणें झिजलेला असतो. दुसरीचा पाय त्यांत वांकडा पडतो. सासूबाईंस मऊ व रुंद, सुनेस सडकेचा मजबूत, आणि वाढत्या वयाच्या नातीस त्या वर्षाच्या मापाचा, असा प्रत्येकीचा जोडा वेगळाच असावयास हवा. घरच्या कर्त्या पुरुषांनीं वारीच्या खर्चाची यादी करतांना छत्री, कांबळें व औषधें यांच्या आधीं स्त्रियांच्या पायताणांचा आंकडा मांडावा, आणि ती खरेदी ज्येष्ठ लागण्यापूर्वींच उरकावी. म्हणजे नातेपुत्यास पालखी पोहोंचेल तेव्हां जोडा पायास आणि पाय वाटेस सरावलेला असेल.