जुना खेळ-संगणक : सुधारणा की नवी जुळणी?

भुसावळजवळचे दीपनगर औष्णिक विद्युत्-केंद्रामुळे सर्वांस परिचित आहे. तेथे २१० मेगावॅटचे दोन संच १९७९ व १९८२ या वर्षी उभे राहिले. पुढे २०१० नंतरच्या दशकात ५०० मेगावॅटचे दोन संच आले, आणि त्यानंतर ६६० मेगावॅटचा सुपरक्रिटिकल संच ‘बदली संच’ या नात्याने हाती घेण्यात आला. जुन्या यंत्रात नवे भाग बसवून त्याचे आयुष्य वाढवावे, की ते बाजूस सारून नवे उभारावे, हा प्रश्न तेथे फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झालेला आहे. त्याच दीपनगरच्या वसाहतीत राहणाऱ्या आमच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाच प्रश्न लहान प्रमाणावर आमच्यापुढे मांडला. त्याच सुमारास धुळ्याच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यानेही तो विचारला. प्रस्तुत लेख त्या दोन संगणकांच्या विचारातून लिहिला आहे.

दोघांचेही संगणक २०१७ सालचे, आणि दोन्ही मुख्यतः खेळांसाठी सुटे भाग आणून जुळवलेले. ग्राफिक्स कार्डही दोघांकडे एकच होते, एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६०, सहा गिगाबाइट स्मृतीचे. भेद होता तो मदरबोर्ड व प्रोसेसर यांच्यात. दीपनगरच्या संगणकात बी२५० जातीच्या मदरबोर्डावर इंटेलचा आय-फाइव्ह ७४०० होता, तर धुळ्याच्या संगणकात बी३५० जातीच्या मदरबोर्डावर एएमडीचा रायझन ५ १६००. खेळ हा आता दोघांचाही विरंगुळा उरला होता. प्रबंधाचे गणनकार्य त्याच यंत्रावर व्हायचे होते. पाठ्यवृत्तीतून साठवलेली रक्कम एकदाच खर्च करता येण्याजोगी होती. ‘सर, नवे ग्राफिक्स कार्ड घेऊन टाकतो,’ असे दीपनगरचा विद्यार्थी म्हणाला, तेव्हा त्याला आम्ही थांबवले.

थांबवण्याचे कारण साधे आहे. खेळातील प्रत्येक फ्रेम तयार होताना दोन कामे चालतात. प्रोसेसर त्या क्षणीची जगाची स्थिती ठरवतो व चित्र काढण्याच्या आज्ञा तयार करतो. ग्राफिक्स कार्ड त्या आज्ञांनुसार चित्र काढते. कार्ड एका फ्रेमचे चित्र काढत असता प्रोसेसर पुढील फ्रेमच्या तयारीस लागलेला असतो. त्यामुळे फ्रेमला लागणारा वेळ हा या दोन वेळांची बेरीज नसून स्थूलमानाने त्यांतील मोठ्या वेळाइतका असतो. समजा, प्रोसेसरला १४ मिलिसेकंद व कार्डाला २२ मिलिसेकंद लागतात. मग सेकंदास सुमारे ४५ फ्रेम मिळतील. आता कार्ड बदलून त्याचा वेळ ९ मिलिसेकंदांवर आणला, तर १११ फ्रेम मिळतील असे विक्रेता सांगेल. प्रत्यक्षात मिळतील ७१, कारण आता प्रोसेसरचे १४ मिलिसेकंद आडवे येतात. याउलट मूळचाच मोठा वेळ प्रोसेसरचा असेल, तर कितीही महाग कार्ड आणले तरी एकही फ्रेम वाढणार नाही. जीन ॲम्डाल यांनी १९६७ साली समांतर गणनाविषयी जी मर्यादा दाखवून दिली, तिचे हे दूरचे भावंड म्हणावयास हरकत नाही.

आडवा येणारा भाग कोणता हे ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. खेळाचे चित्र १०८० ओळींवरून ७२० ओळींवर आणावे. कार्डाचे काम त्यामुळे निम्म्याहून कमी होते. प्रोसेसरचे काम जवळजवळ तेवढेच राहते. फ्रेम वाढल्या तर मर्यादा कार्डाची, न वाढल्या तर प्रोसेसरची. हा प्रयोग आम्ही दोन्ही संगणकांवर एकाच खेळात केला. धुळ्याच्या संगणकात फ्रेम ठळकपणे वाढल्या. दीपनगरच्या संगणकात त्या होत्या तिथेच राहिल्या, आणि मधूनमधून चित्र अडखळणे तर मुळीच थांबले नाही. आय-फाइव्ह ७४०० मध्ये चार गाभे व चारच धागे आहेत. रायझन ५ १६०० मध्ये सहा गाभे व बारा धागे. अलीकडचे खेळ हे काम अनेक धाग्यांत वाटून देतात, आणि चार धागे भरले की पाचव्याला वाट पाहावी लागते. सरासरी फ्रेमसंख्येत हे दिसत नाही, डोळ्यांना मात्र तत्काळ जाणवते. दीपनगरच्या संगणकात आणखी एक उणीव आढळली. आठ गिगाबाइटची रॅम एकाच पट्टीत बसवलेली होती. दुसरी खाच रिकामी असल्यामुळे स्मृतीचा एकच मार्ग वापरला जात होता, आणि सेकंदास ३८.४ गिगाबाइटऐवजी १९.२ गिगाबाइट एवढीच वहनक्षमता उपलब्ध होती.

येथे दीपनगरच्या केंद्राकडे पुन्हा वळणे उपयोगी ठरेल. २१० मेगावॅटच्या संचांतील बाष्पकात एक मोठे ढोल असते. उकळत्या पाण्यातून वाफ वेगळी करणे हे त्याचे काम. पाण्याचा दाब सुमारे २२१ बार व तापमान ३७४ अंश सेल्सियस यांच्या पलीकडे गेले की पाणी व वाफ हा भेदच उरत नाही. म्हणून सुपरक्रिटिकल बाष्पकाला ढोल नसते. जुन्या संचाची टर्बाइनची पाती बदलता येतात, नियंत्रणयंत्रणा नवी बसवता येते, झिजेमुळे गमावलेली कार्यक्षमता बरीचशी परत मिळवता येते. पण ढोलाच्या बाष्पकाला सुपरक्रिटिकल करता येत नाही. त्या संचाची कमाल मर्यादा त्याच्या रचनेतच ठरून गेलेली असते.

संगणकात हे स्थान मदरबोर्डाचे आहे. कोणता प्रोसेसर बसेल, कोणत्या पिढीची रॅम चालेल, कार्डाशी किती वेगाने बोलता येईल, हे सर्व मदरबोर्ड ठरवतो. म्हणून ‘संगणक किती जुना?’ हा प्रश्न गौण होय. मदरबोर्डाच्या मर्यादेखाली अजून किती वाव शिल्लक आहे, हे विचारले पाहिजे. आणि नेमक्या याच बाबतीत एकाच वर्षी घेतलेले हे दोन संगणक परस्परांच्या विरुद्ध टोकांना होते.

बी२५० मदरबोर्डावर बसू शकणारा सर्वांत समर्थ प्रोसेसर म्हणजे त्याच पिढीचा आय-सेव्हन, चार गाभ्यांचा व आठ धाग्यांचा. तो आता केवळ जुन्या बाजारात मिळतो. २०१७ च्या अखेरीस इंटेलची आठवी पिढी आली; तिच्या खाचेचे नावही एलजीए ११५१ हेच, टोकांची संख्याही तीच. तथापि जुन्या मदरबोर्डावर ती चालत नाही. प्रस्तुत लेखकाने स्वतः एकदा केवळ खाचेचा आकडा पाहून असा प्रोसेसर आणला होता आणि तो परत करण्यासाठी दुकानाची पायरी पुन्हा चढावी लागली होती. चूक अर्थात आमचीच. उलट बी३५० मदरबोर्डावरील एएम४ खाच एएमडीने दीर्घकाळ टिकवली. मार्च २०२२ मध्ये एएमडीने जाहीर केलेल्या धोरणानुसार ३०० मालिकेतील मदरबोर्डांनाही बायोसच्या अद्यतनाने ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवण्याची मुभा मिळाली. म्हणजे २०१७ च्या मदरबोर्डावर २०२२ सालचा रायझन ५ ५६०० बसतो, रॅम तीच राहते, आणि विजेची गरजही ६५ वॅटच्याच वर्गातील. पाच वर्षांची प्रगती एका प्रोसेसरच्या किमतीत पदरात पडते.

आता कालबाह्यतेसंबंधी. तिचे दोन प्रकार आहेत व त्यांची गल्लत नेहमी होते. एक उतारासारखी असते: यंत्र हळूहळू अपुरे पडते, आपण चित्राचा दर्जा थोडा कमी करतो आणि काम चालते. दुसरी भिंतीसारखी असते: कालपर्यंत चालणारी गोष्ट आज मुळीच चालत नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची सातवी पिढी, अगदी थोडे अपवाद वगळता, नाही; रायझनची पहिली पिढीही नाही. परंतु ५६०० बसवताच धुळ्याचा संगणक त्या भिंतीपलीकडे जातो, दीपनगरचा मात्र आय-सेव्हन घालूनही अलीकडेच राहतो. कार्डाची भिंत दोघांनाही समान होती. डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ व मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ हे खेळ किरण-अनुरेखन करणाऱ्या यंत्रणेशिवाय सुरूच होत नाहीत, १०६० मध्ये ती नाही. प्रबंधाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की, ऑगस्ट २०२५ मधील कूडा १३ या आवृत्तीतून एनव्हिडियाने त्या पिढीची कार्डे वगळली. कूडा १२ वर ती चालतात. ज्याचे प्रारूप लहान व ग्रंथालये जुनी आहेत, त्याचा प्रबंध त्यामुळे अडणार नाही. मात्र पुढील संशोधन या कार्डावर करता येईल असे गृहीत धरू नये.

खानदेशातील वाचकांसाठी उष्णतेविषयी चार शब्द वेगळे लिहिणे भाग आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोलीचे तापमान वीस अंशांनी चढले तर चिपचे तापमानही साधारण तितकेच चढते, आणि ठरावीक मर्यादेस पोहोचताच प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. ‘संगणक जुना झाला, मंद झाला’ ही तक्रार वैशाखात केलेली असेल, तर आधी कॅबिनेट उघडून पंखे व हीटसिंक यांतील धूळ काढावी, थर्मल पेस्ट नवी लावावी, आणि मगच मोजमाप करावे. दीपनगरच्या संगणकात एवढ्याने पंख्यांचा आवाज निवळला. चार धाग्यांचे मात्र पाच झाले नाहीत.

एसएमपीएसचे तसे नाही. त्यातील विद्युत्-अपघटनी धारित्रांचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीस निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. आठ उन्हाळे काढलेला एसएमपीएस बाहेरून ठीक दिसतो, म्हणून तो नव्या संगणकात तसाच उचलून बसवणे हे खोटे काटकसरीचे लक्षण होय. तो बिघडताना एकटा बिघडेलच असे नाही.

खर्चाचा हिशेब करताना ‘नवा संगणक’ या शब्दाने दिशाभूल होते. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, एसएसडी हे सर्व जुन्यातून नव्यात येऊ शकते. वस्तुतः नवे घ्यावे लागते ते मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम हे त्रिकूट. यापूर्वी जुन्या यंत्रावर किती खर्च केला, हा आकडा या हिशेबातून पूर्णपणे वगळावा. तो पैसा गेला. सुधारणेचा खर्च तिच्यामुळे वाढणाऱ्या उपयुक्त वर्षांनी भागावा, नव्या त्रिकुटाचा खर्च त्याच्या वर्षांनी भागावा, आणि मग तुलना करावी. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा या तुलनेचे पारडेच बदलले. ज्याच्याकडे डीडीआर४ रॅम आधीच आहे, त्याच्या हातात एकाएकी मौल्यवान वस्तू आली.

धुळ्याच्या विद्यार्थ्यास आम्ही मदरबोर्ड व सोळा गिगाबाइट रॅम तशीच ठेवण्यास सांगितले. जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे, व ते करताना संगणक यूपीएसवर असावा. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. नंतर ५६०० बसवावा आणि मग कार्ड घ्यावे. कार्ड घेताना एक पथ्य मात्र आहे. बी३५० वर पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी आहे. स्वस्त कार्डांपैकी कित्येक सोळाऐवजी आठच मार्गिका वापरतात. चौथ्या पिढीत त्या पुरतात, तिसऱ्या पिढीत मात्र कार्डाची स्मृती भरल्यावर चणचण भासते. म्हणून कार्डावर स्मृती भरपूर असावी.

दीपनगरच्या विद्यार्थ्याने कार्ड घेऊ नये, त्रिकूट बदलावे, यावर एकमत झाले. मतभेद झाला तो कोणते त्रिकूट यावर. आमचा कल एएम५ कडे होता. ही खाच २०२२ मध्ये आली असून २०२७ पर्यंत व त्यापुढेही तिला साहाय्य देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणजे पुढे वाव आहे. पण तिला डीडीआर५ रॅम लागते. त्याने बाजारात फिरून भाव विचारले, कागदावर भागाकार केला आणि एएम४ चाच नवा मदरबोर्ड घेतला. आपली आठ गिगाबाइटची पट्टी त्यात ठेवली, जुन्या बाजारातून तशीच दुसरी मिळवली, आणि एसएमपीएस नवा आणला. कार्ड अद्याप १०६० च आहे. मर्यादा गाठून चुकलेल्या खाचेत त्याने पैसा घातला, असे आम्ही त्यास बोलून दाखवले. प्रबंध दीड वर्षात पुरा करावयाचा आहे आणि त्यानंतर यंत्र कोणते लागेल हे नोकरी ठरवील, असे त्याचे उत्तर होते. त्याचा भागाकार आम्ही तपासून पाहिला. त्यात चूक सापडली नाही.

दोघांच्याही टेबलावर आता रायझन ५ ५६०० आहे. दीपनगरच्या घरी जुन्या बी२५० वर लिनक्स बसवले असून त्यावर विद्यार्थ्याची धाकटी बहीण पायथन शिकते.