नगारा वाजला नाही, तेव्हा

महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास दौलताबादला दुसरी राजधानी केली. दिल्लीहून चाळीस दिवसांची वाट. दमास्कसच्या अल-उमरीने लिहून ठेवले आहे, की या वाटेवरच्या डाकचौक्यांत नगारे ठेवलेले असत. शहराचा दरवाजा उघडला वा मिटला की नगारा वाजे. तो ऐकून पुढच्या चौकीचा. लांबच्या शहरांचे दरवाजे केव्हा उघडले, हे सुलतानाला रोज कळे.

दौलताबाद किल्ल्यातल्या महाकोटाच्या दरवाजात उभे राहिले की मला प्रश्न पडतो: एखाद्या दिवशी नगारा ऐकूच आला नाही तर? दरवाजाच उघडला नाही, की मधल्या चौकीतला नगारची झोपला?

संगणकांची जाळी सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. १९८८ साली मांडलेल्या एसएनएमपी या पद्धतीत प्रत्येक राउटर, सर्व्हरवर एक 'एजंट' बसलेला असतो. १६१ क्रमांकाच्या पोर्टवर विचारले की तो हालहवाल सांगतो. पण जनरेटरच्या खोलीचे तापमान त्याला कसे ठाऊक असणार? त्यासाठी आपण स्वतःचे मॉड्यूल लिहून त्याला जोडतो, आणि घोळ बहुधा तिथेच होतो.

आकडा आला नाही, तर आधी एजंटला 'तू किती वेळ चालू आहेस?' एवढेच विचारावे. उत्तर आले तर वाट आणि एजंट ठीक आहेत. दोष मॉड्यूलकडे शोधायचा. 'असे काही माझ्याकडे नाही' हे उत्तर तर उपयोगाचेच. मॉड्यूल नोंदले गेलेले नसते, किंवा विचारणाऱ्याला ते पाहण्याची मुभा नसते. मॉड्यूलची स्क्रिप्ट हाताने चालते पण एजंटकडून चालत नाही, तेव्हा ती एजंटच्याच खात्यातून चालवून पाहावी. त्याचे अधिकार अनेकदा आपल्यापेक्षा बरेच कमी असतात.

क्रमाची चूक जास्त फसवी. एजंटला 'याच्या पुढचे सांग' असे विचारत यादी वाचली जाते. मॉड्यूलने क्रमांक अक्षरांसारखे लावले, तर १ नंतर १० येतो आणि मग २. क्रमांक मागे गेलेला दिसताच वाचणारा प्रोग्रॅम थांबतो, कारण पुढे गेलो तर त्याच फेऱ्यात अडकू ही त्याची भीती रास्त असते. पुढच्या नोंदी वाचल्याच जात नाहीत.

सर्वांत छळतो तो संथपणा. नेट-एसएनएमपी या सॉफ्टवेअरमधला एजंट साधारणपणे एका वेळी एकच काम उरकतो. स्क्रिप्टने दहा सेकंद घेतले, तर तेवढा वेळ इतर सगळ्या प्रश्नांनाही उत्तर नाही. विचारणारा मात्र सहसा एक सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो, शेवटी कंटाळतो. पडद्यावर लाल दिवा लागतो: सर्व्हर बंद! सर्व्हर धडधाकट असतो. म्हणून मोजमाप वेगळ्या कामाने ठरावीक वेळी करून फाइलीत लिहावे, मॉड्यूलने ते फक्त वाचून दाखवावे. आकड्याशेजारी त्याची वेळही हवी. नाहीतर मोजणारे काम बंद पडून तीन दिवस झाले तरी तोच जुना आकडा ताजा म्हणून दिसत राहतो, आणि नगारा तर वेळच्या वेळी वाजतच असतो.