शेकरूचे छायाचित्र आणि आहुप्याचे ऋण

घोडेगावाहून डिंभे धरणाच्या जलाशयाला वळसा घालीत निघालेला रस्ता सह्याद्रीच्या कड्याशी जेथे येऊन थांबतो, तेथे आहुपे आहे. घोड नदीचा उगम याच परिसरातला. कड्यावर उभे राहिले की खाली मुरबाडकडील मुलूख आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. तथापि येथे येणाऱ्या काही मंडळींची दृष्टी कड्याकडे नसतेच, ती झाडांच्या शेंड्यांकडे लागलेली असते. त्यांच्या गळ्यात हातभर भिंगांचे कॅमेरे असतात आणि त्यांना हवे असते शेकरूचे छायाचित्र.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. कूळ खारीचे, पण वजन दीड-दोन किलो आणि शेपटी अंगाहून लांब. सह्याद्रीतील या शेकरूचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये केले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव त्यास दिले. हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. पाच-सहा मीटरांची झेप घेऊन तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, तेव्हा एकमेकांत गुंतलेले शेंडे हाच त्याचा रस्ता. मधली दोन-चार मोठी झाडे तोडली की तो रस्ता तुटला. एकेक शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधतो; त्यासाठीही उंच व जुनी झाडेच लागतात.

अशी झाडे आहुप्यास कशी राहिली, हा खरा प्रश्न आहे. त्यांचे रक्षण प्रथम सरकारने केले असे म्हणता येणार नाही. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले. त्यापूर्वी कित्येक पिढ्या महादेव कोळी समाजाने देवाच्या नावाने राखलेल्या राया या डोंगरांत उभ्या होत्या. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, ते १९७० नंतरच्या दशकात. देवराईबाहेर हिरड्याने झाडे राखली. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा उतरवून, वाळवून विकावयाचा, हे येथील रोख उत्पन्नाचे मोठे साधन. ज्या झाडावर वर्षाचे मीठ-मिरची अवलंबून आहे, त्यावर कोणी सहजी कुऱ्हाड घालीत नाही.

आता छायाचित्रकाराकडे वळू. मी स्वतः हौशी छायाचित्रकार असल्यामुळे हे दोषारोप प्रथम मलाच लागू होतात. काही वर्षांपूर्वी येथील एका घरट्याखाली मी सकाळचे जवळजवळ तीन तास ठाण मांडून बसलो होतो. मादी समोरच्या झाडावरून खडखडाट केल्यासारखी ओरडत होती आणि मी त्या ओरडण्याचीच छायाचित्रे घेत होतो. घरट्यात पिलू असावे आणि मी तेथे असेपर्यंत ती त्याच्याकडे जाणार नाही, हे ध्यानात यावयास मला तीन तास लागले. छायाचित्र मात्र उत्तम आले. त्याची वाहवा झाली, तेव्हा मी ही हकिकत कोणास सांगितली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील छायाचित्रणासाठी परवान्याची तरतूद केलीच होती. २०२२ च्या दुरुस्तीने प्राण्यांना वा त्यांच्या निवाऱ्यास बाधा न आणण्याची अटही तीत घातली. परंतु घरट्याखाली कोण किती वेळ बसला, हे पाहावयास प्रत्येक झाडापाशी वनरक्षक कोठून आणावयाचा?

या बाबतीत अलास्कातील मॅकनील नदीचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. तेथे उन्हाळ्यात धबधब्याशी सॅमन मासे पकडण्यासाठी तपकिरी अस्वले मोठ्या संख्येने जमतात. ग्रिझली म्हणून जगभर ओळखले जाणारे अस्वल याच जातीचे. १९७३ पासून तेथे चिठ्ठ्या टाकून परवाने दिले जातात. भर हंगामात दिवसाला दहाच पाहुणे धबधब्यापाशी जातात, तेही जाणकारांच्या सोबतीने. बसण्याची जागा ठरलेली, अस्वलास अन्नाचा कणही द्यावयाचा नाही. माणूस रोज त्याच जागी, त्याच रीतीने दिसतो, म्हणून अस्वले त्याची दखल घेत नाहीत आणि छायाचित्रकारास काही हातांच्या अंतरावरून ती पाहावयास मिळतात. संयमाने छायाचित्राचे नुकसान होत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

मात्र ती पद्धत जशीच्या तशी येथे उचलून आणता येणार नाही. मॅकनीलच्या काठी गाव नाही. आहुप्यास जंगल आणि गाव एकमेकांत मिसळलेले आहेत. अभयारण्याची बंधने गावकऱ्यांच्या नित्य व्यवहारावर पडतात. छायाचित्राचे श्रेय आणि बक्षीस मात्र शहरात जाते. हा व्यवहार न्यायाचा नाही. माझ्या मते येथील छायाचित्रणाची सूत्रे ग्रामसभेकडे असावीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभांना दिलेलाच आहे. दिवसाला किती माणसे न्यावयाची, कोणत्या महिन्यांत घरट्यांकडे फिरकावयाचे नाही, हे वनखात्याच्या सल्ल्याने गावाने ठरवावे. सोबतीला गावातलाच वाटाड्या असावा आणि शुल्क गावाकडे राहावे. हिरड्याचा भाव पडतो त्या वर्षी उभ्या झाडाचे आणखी एक मोल हाती असणे, ही लहान गोष्ट नव्हे. यामुळे गर्दी वाढेल अशी भीती काहीजण घालतात. परंतु गर्दी आजही होऊ शकतेच. फरक इतकाच की तिला आज कोणी विचारणारा नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो, तेव्हा अंगणात हिरडा वाळत घालणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. कॅमेऱ्याकडे पाहून ते म्हणाले, "गुरुजी, फोटू काढाय लय येतात, पन आमाला कुनी दावीत न्हाई." मी पिशवीतून ते जुने छायाचित्र काढून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले, शेकरू नव्हे तर मागचे झाड. मग त्यांनी मला ते झाड नेमके कोणते ते सांगितले, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी ते वादळात पडल्याचेही.